एक अक्षर मुद्दाम चुकीचं

दर मंगळवारी चार ते सहा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते. दारावर पाटी आहे, 'ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटर मदत'. मी स्वतः अडुसष्टची, त्यामुळे नवीन आलेलं माणूस आधी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतं आणि हळूच विचारतं, "तुम्हालाही नाही का जमत?" मग मला सांगावं लागतं की मदत म्हणजे मीच.

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. समोरचा माणूस बावरलेला असताना शांत आवाजात बोलायचं, एवढंच मला येतं. कॉम्प्युटर शिकवायला त्यातलं नव्वद टक्के पुरतं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी मी मशीन बंद करून चालू करते.

माणसं एकेक नमुना येतात. एक शिंपीकाका माउस टेबलाच्या काठापर्यंत नेऊन थांबले होते. म्हणाले, "बाई, पुढे कापड संपलं." एक रिटायर्ड नर्स आहेत, त्या हात लावायच्या आधी की-बोर्ड स्पिरिटने पुसतात. दोन वर्षांत त्यांनी निम्मी अक्षरं पुसून टाकली आहेत. आता त्या खोलीत फक्त पाठांतर असलेल्यांनाच टाइप करता येतं.

पण मास्टरांसारखं कोणी नाही.

मास्टर म्हणजे कोपऱ्यावरचे कुलपवाले. वय बहात्तर. दुकान मुलीने घेतलं तरी हे रोज सकाळी जाऊन तिच्या चुका काढून येतात. पन्नास वर्षांत आमच्या भागातलं असं एक दार नसेल जे त्यांनी कधी ना कधी उघडलं नाही. किल्ली हरवलेले, किल्ली आत राहिलेले, किल्ली खिशात असून कुलूप तोडायला निघालेले, सगळे त्यांच्याकडेच. म्हणून नाव मास्टर, मास्टर-की मधलं.

त्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही. ते दर मंगळवारी माझ्याकडे येतात ते एकाच कामाला: ईमेलवरून बुद्धिबळ खेळायला. समोर कोण, तर त्यांचे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. मास्टर त्यांना दादा म्हणतात. ते दुसऱ्या शहरात राहतात. आयुष्यभर शाळेत परीक्षेचं सुपरव्हिजन केलेलं माणूस. घंटा झाली की मुलाचं वाक्य अर्धं असो की शब्द अर्धा असो, पेपर हातातून ओढून घ्यायचे. त्यांनी बुद्धिबळालाही तीच शिस्त लावली. एका मंगळवारी एकाची खेळी, पुढच्या मंगळवारी दुसऱ्याची. संध्याकाळी सहाच्या आत पोचली नाही तर डाव गेला. मेहुणे स्वतःची खेळी बरोबर पाच पंचावन्नला पाठवतात. त्याच्या आधी पाठवली तर वेळ वाया गेला असं त्यांना वाटत असावं.

बारा वर्षांत चार डाव झाले. चारही मास्टर हरले. पाचवा अडीच वर्षं चालू होता, आणि मागच्या मंगळवारी पाच पंचावन्नला मेहुण्यांची खेळी आली तेव्हा मास्टर खुर्चीतून निम्मे उठले आणि परत बसले.

"बाई," ते म्हणाले, "दादांनी हत्ती हलवला."

"मग?"

"मग काय. पुढच्या मंगळवारी मी घोडा ठेवतो, आणि राजाला पळायला जागा नाही. मात. बारा वर्षांनी."

"आत्ताच पाठवून टाका की."

"छे. आठवडाभर घरी पट बघतो जरा. असं सुख घाईने खाऊ नये."

हे त्यांना भोवलं.

तर हा मंगळवार. मास्टर सव्वाचारला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. नेहमीसारखं माझ्याकडे पाठ करून, की-बोर्डवर टोपी आडवी धरून पासवर्ड टाइप केला. मशीन म्हणालं, चुकीचा. परत केला. परत चुकीचा.

"मागच्या वेळी बदललात ना?" मी म्हटलं. ते दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पासवर्ड बदलतात. कुलूप तेच राहिलं तर चोराला सवय होते, असं त्यांचं म्हणणं.

"बदलला. लिहूनही ठेवलाय." त्यांनी आतल्या खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली. डबीला कुलूप. कुलपाची किल्ली बुटात. बूट काढला, किल्ली काढली, डबी उघडली, कागद काढला. कागदावर अकरा अक्षरं सुबक लिहिलेली.

"मग तेच टाका."

"तेच टाकतोय. पण त्यातलं एक अक्षर मुद्दाम चुकीचं लिहिलंय. डबी चोरीला गेली तर चोराला चकवायला."

"चांगलं केलंत. कुठलं अक्षर?"

मास्टर कागदाकडे बघत राहिले. "ते नाही लिहिलं," ते म्हणाले. "लिहिलं असतं तर चोराला कळलं नसतं का?"

मी एकतीस वर्षांत कोणाच्या बोलण्यावर हसले नव्हते, आणि तेव्हाही हसले नाही. फक्त पाण्याचा ग्लास उचलून तोंडासमोर धरला.

मास्टरांनी मग कारागिरी सुरू केली. कान मशीनच्या जवळ नेला. डोळे मिटले. एकेक की अशी दाबली जशी कुलपात तार फिरवतात, आतून काही 'कट' आवाज येतोय का ते ऐकत. आणखी तीनदा चुकलं. मशीनने पाटी टाकली: पाच प्रयत्न झाले, आता पासवर्ड चालणार नाही.

"कसलं कुलूप हे," मास्टर म्हणाले. "पाच वेळा खुडबुडलं की रुसून बसतं. आमच्या कुलपांना पन्नास वर्षं खुडबुडलो, एकाने तक्रार केली नाही."

त्या पाटीखाली दोन वाटा होत्या. पहिली: तुमच्या दुसऱ्या पत्त्यावर आकडा पाठवतो, तो इथे भरा. पत्त्याचं पहिलं अक्षर दिसत होतं, पुढे सगळ्या चांदण्या.

"हा पत्ता कोणाचा?"

मास्टरांनी चष्मा पुसला, परत लावला, स्क्रीनच्या नाकाला नाक लावलं. मग मागे झाले. "दादांचा. बारा वर्षांपूर्वी खातं उघडताना दुसरा पत्ता द्याच म्हणत होते. तेव्हा माझ्या ओळखीत त्यांच्याकडेच होता."

"मग झालं तर. त्यांना फोन करा, आकडा विचारा. दोन मिनिटांचं काम."

"बाई," मास्टर म्हणाले, "मी कोण आहे?"

"मास्टर."

"आणि मी दादांना फोन करून सांगू की माझंच कुलूप मला उघडत नाही, जरा किल्ली द्या? त्यांना हा डाव हरलेला परवडेल मग. पुढची वीस वर्षं ते प्रत्येक जेवणाला हेच वाढतील."

"बरं, नवीन खातं उघडू. तिथून खेळी पाठवू."

"चालायचं नाही. नियमात आहे, ठरलेल्या पत्त्यावरूनच पत्र पाहिजे. नाहीतर कोणीही हुशार माणूस त्यांच्या जागी खेळेल."

"हा नियम कोणी केला?"

"मीच."

राहिली दुसरी वाट. तीन प्रश्नांची उत्तरं द्या. खातं उघडताना दिली होती तीच. तीन चुका झाल्या तर चोवीस तास खातं बंद. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मला हायसं वाटलं. स्वतःबद्दलचे प्रश्न, त्यात काय चुकणार.

पहिला प्रश्न आला: तुमची आवडती भाजी कोणती?

"भेंडी," मास्टर म्हणाले.

मी टाइप करायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. "थांबा. भेंडी खरी. पण मी इथे भेंडी नाही लिहिलेली."

"मग?"

"अहो, मला भेंडी आवडते हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. भाजीवाल्यापासून सगळ्यांना. मग ती किल्ली झाली का? दारात पायपुसण्याखाली किल्ली ठेवल्यासारखं झालं ते. मी तिन्ही उत्तरं खोटी दिली आहेत."

"काय खोटी?"

मास्टरांनी डोकं खाजवलं. "बारा वर्षं झाली, बाई. खरं लक्षात राहतं माणसाच्या. खोटं कोण लक्षात ठेवतो?"

मग आम्ही दोघं, एकूण एकशे चाळीस वर्षं वयाची शहाणी माणसं, भाज्यांची नावं घेत बसलो. मास्टरांचं म्हणणं, त्यांनी सर्वात नावडती लिहिली असणार. कोबी. चूक. मग म्हणाले, नाही, अशी लिहिली असेल जी कोणी आवडते म्हणणारच नाही. दुधी. चूक. आता एकच संधी उरली आणि प्रश्न अजून तिन्ही शिल्लक. मास्टरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"असू दे," ते म्हणाले. "हा डाव गेला. पुढचा अडीच वर्षांत संपेल. मी पंचाहत्तरचा असेन, दादा ऐंशीचे." आणि मग थोड्या वेळाने, "तोपर्यंत असे हत्ती-घोडे हलवायला आम्ही दोघंही असायला पाहिजे."

बावरलेल्या माणसाशी बोलायचं असतं. खचलेल्या माणसाजवळ नुसतं लाइनवर राहायचं असतं, हेही एक्स्चेंजमध्येच शिकले.

तेवढ्यात दार उघडलं आणि वहिनी आल्या, म्हणजे मास्टरांची बायको. पाच पंचवीस.

"तुमच्या नाकावर माझा चष्मा आहे," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "मी तासभर तुमचा लावून डाळ निवडत बसलेय. अर्धे खडे डाळ म्हणून ठेवलेत."

मास्टरांनी चष्मा काढून बघितला. खरंच काड्यांवर बारीक फुलं होती. अदलाबदल झाली. मास्टरांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे एवढं स्पष्ट असतं होय." पण स्पष्ट दिसून काय फायदा, दिसत होती ती चूकच होती.

मी वहिनींना थोडक्यात सगळं सांगितलं. पासवर्ड, डबी, चुकीचं अक्षर, भेंडी. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"शेहेचाळीस वर्षं झाली बाई लग्नाला," त्या म्हणाल्या. "यांना खोटं बोलायला येत नाही. एकूण चार खोट्या गोष्टी आहेत यांच्याकडे, त्याच फिरवून फिरवून वापरतात. आवडती भाजी ना? भोपळा लिहा."

"भोपळा?" मास्टर म्हणाले. "मी भोपळा कशाला लिहीन?"

"लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आलात तेव्हा माझ्या आईने विचारलं, काय करू? तुम्ही इकडेतिकडे बघितलंत, कोपऱ्यात भोपळा दिसला, आणि म्हणालात, भोपळा फार आवडतो. तेव्हापासून दर आठवड्याला भोपळा होतो आपल्याकडे."

"मला भोपळा बघवत नाही," मास्टर म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

"माहीत आहे. दुसऱ्याच आठवड्यात कळलं मला."

"मग शेहेचाळीस वर्षं करतेस कशाला?"

"कधी कबूल करता ते बघत होते."

मी 'भोपळा' टाइप केलं. मशीनने हिरवी खूण दाखवली. मास्टर त्या हिरव्या खुणेकडे ज्या नजरेने बघत होते, ती मी लिहून दाखवू शकत नाही. निम्मा आनंद होता, निम्मा दोन-अडीच हजार वेळचा भोपळा.

दुसरा प्रश्न: लहानपणी तुम्हाला काय व्हायचं होतं?

"वैमानिक," वहिनी लगेच म्हणाल्या. "कोणी पाहुणा आला की सांगतात. मला विमान चालवायचं होतं, पण परिस्थिती आडवी आली."

"आणि खरं काय?" मी विचारलं.

"खरं म्हणजे कुलपवालाच व्हायचं होतं," मास्टर जरा लाजत म्हणाले. "सहा वर्षांचा असल्यापासून. पण ते सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. बिचाऱ्यांना वाटतं याला मोठं स्वप्नच नव्हतं. वैमानिक म्हटलं की बरं वाटतं त्यांना, हळहळायला मिळतं."

हिरवी खूण.

तिसरा प्रश्न आला. प्रश्न होता: तुमच्या जोडीदाराला पहिल्यांदा कुठे भेटलात?

घड्याळात पाच बेचाळीस.

"हे सोपं आहे," मी म्हटलं. ही गोष्ट मलाही माहीत होती, आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. "दातांच्या दवाखान्यात. मास्टरांची दाढ दुखत होती, वहिनी आईला घेऊन आल्या होत्या."

वहिनींनी मास्टरांकडे बघितलं. मास्टरांनी मान हलवली, नाही म्हणून.

"सांगावं लागेल," वहिनी म्हणाल्या.

"अगं, शब्द दिलाय मी."

"तुम्ही दिलाय. मी कुठे दिलाय?" त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, हे इथून बाहेर जाणार नाही ना?"

"वहिनी, मी एकतीस वर्षं या गावाचे फोन जोडलेत," मी म्हटलं. "बाहेर जायचं असतं तर निम्मी लग्नं मोडली असती."

मग त्यांनी सांगितलं. दादा तेव्हा तीस-एकतीसचे, नुकतेच शाळेत लागलेले. घरच्या सामानाच्या खोलीला नवीन आपोआप लागणारं कुलूप बसवलं होतं. दादांनी सगळ्यांना तासभर व्याख्यान दिलं, की हे कुलूप आतून उघडतं, घाबरायचं काही नाही. आणि दाखवायला म्हणून स्वतः आत गेले आणि दार लावून घेतलं.

"तीन तास," वहिनी म्हणाल्या. "आतून ओरडत होते, सिद्धांत बरोबर आहे, कुलूप चुकीचं आहे. शेवटी कोपऱ्यावरून एका पोराला बोलावलं. हे आले. दीड मिनिटात दार उघडलं. दादा बाहेर आले ते पिठाच्या डब्यात बसल्यासारखे, नखशिखांत पांढरे. मी पाणी घेऊन गेले. दादांसाठी नेलं होतं, यांनी प्यायलं."

"मला वाटलं कारागिराला देतायत," मास्टर म्हणाले.

"दादांनी यांना शपथच घातली. दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गावर जायचं होतं, पोरांना कळलं तर वर्ग हसत सुटेल. कोणालाही सांगायचं नाही. वर्षाने आमचं ठरलं तेव्हा लोक विचारायला लागले, कुठे भेटलात? तर दादांनीच ती दातांच्या दवाखान्याची गोष्ट रचून दिली. हे तेव्हापासून तीच सांगतात. दाढ कुठली ते सुद्धा ठरवून घेतलंय."

"वरची डावी," मास्टर म्हणाले.

मी मास्टरांकडे नव्याने बघितलं. बारा वर्षं हा माणूस मेहुण्यांकडून हरत होता, त्यांची बोलणी खात होता, आणि खिशात ही तोफ ठेवून गप्प बसला होता.

"मग दातांचा दवाखानाच ना?" मी म्हटलं.

"तेच तर कळत नाही," मास्टर म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसला. "बघा ना बाई. भेंडी सगळ्यांना माहीत, म्हणून मी खोटं लिहिलं. इथे उलटं आहे. दवाखाना सगळ्यांना माहीत, आणि खरं फक्त घरच्यांना. मग किल्ली कुठली चांगली? खरीच की. मी कुलपवाला आहे, मी दवाखाना कसा लिहीन? सामानाची खोलीच लिहिली असणार."

बोलणं बिनतोड होतं. मी 'सामानाची' एवढं टाइपही केलं. पाच एक्कावन्न.

"पुसा ते," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण हिशेबाने—"

"हिशेब राहू दे. तुम्ही दादांना शब्द दिला होता की कोणाला सांगणार नाही. मशीनला तरी सांगाल का?"

मास्टरांनी मांडीवरची टोपी हातात घेतली.

"मला माहीत आहेत तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "बंद खोलीत एकटे असाल तरी नाही सांगणार. बाई, दवाखाना लिहा. दातांचा दवाखाना."

"चुकलं तर डाव गेला," मी म्हटलं.

"मला विचारा," वहिनी म्हणाल्या. "मी लग्न केलंय याच्याशी."

शेहेचाळीस वर्षांत त्या अहो सोडून बोललेलं मास्टरांनी पहिल्यांदा ऐकलं असणार. ते हातातली टोपी फिरवत माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहा."

लिहिलं. दाबलं. मशीनने थोडा विचार केला, त्याला काय घाई. मग हिरवी खूण आली, आणि मागोमाग मास्टरांची टपालपेटी उघडली.

पाच चोपन्न.

"खेळी कुठल्या कागदावर आहे?" वहिनींनी विचारलं. "त्यातही एक घर मुद्दाम चुकीचं लिहिलंय का?"

"खेळी इथे आहे," मास्टर कपाळावर बोट ठेवून म्हणाले, आणि स्वतःच्या चष्म्यातून, स्वतःच्या बोटाने, पुसलेल्या अक्षरांच्या की-बोर्डवर शोधत शोधत घोड्याचं घर टाइप केलं. त्याखाली लिहिलं, शह आणि मात. पाच छप्पन्नला पत्र गेलं.

उत्तराला मेहुणे नेहमी बरोबर सात दिवस लावतात. म्हणून मी मशीन बंद करायला हात पुढे केला, तर दोन मिनिटांत पत्र हजर. ते दुपारपासून समोर बसून असणार. मास्टरांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सवयीने.

"मात मान्य. खेळी वेळेत आहे, चार मिनिटं शिल्लक होती. घोडा मला दिसलाच नाही. अभिनंदन."

वहिनींनी पदराने... नाही, पदराने काही पुसलं नाही. चष्मा पुसला फक्त. मास्टर पुढे वाचत होते, पण आवाज हळूहळू खाली गेला.

"आज सव्वाचारपासून मला कॉम्प्युटरकडून आठ पत्रं आली, की कोणीतरी तुमचं खातं उघडायचा प्रयत्न करतंय. पहिल्याला वाटलं चोर आहे. पाचव्याला खात्री झाली की चोर इतका वाईट नसतो. तुम्ही आकडा मागितला असता तर दिला असता, पण मागणार नाही हे माहीत होतं. मीही तीन तास हाक मारली नव्हती, नुसता सिद्धांत सांगत होतो. असो. हे मी कोणाला बोललेलो नाही, बोलणार नाही. तुमच्या मुलीने उद्या विचारलं की बाबा काल दुपारभर कुठे होते, तर सांगेन, दातांच्या दवाखान्यात. नवीन डाव. पांढरी माझी."

बाहेर वाचनालयाच्या खिडक्या एकेक बंद होत होत्या.

"मास्टर," मी म्हटलं, "तो दुसरा पत्ता बदलायचा का? आत्ता बदलता येईल. मुलीचा टाकू."

मास्टरांनी टोपी डोक्यावर ठेवली, डबीतला कागद काढला, चार तुकडे केले आणि खिशात टाकले.

"राहू दे," ते म्हणाले. "किल्ली योग्य घरी आहे."

मग दाराशी जाऊन वहिनींना म्हणाले, "आज जेवायला काय आहे?"

"मंगळवार आहे," वहिनी म्हणाल्या. "भोपळा."

"बरं," मास्टर म्हणाले. "आवडतो मला."